चित्रांचं पुस्तक की चित्रांतलं पुस्तक?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेचं ग्रंथालय म्हणजे ऑफिसातलं एक लोखंडी कपाट. त्याच्या नोंदवहीत मागच्या वर्षी मी दोन पुस्तकं चढवली. एक मुलांसाठीचं बाबासाहेबांचं सचित्र चरित्र, दुसरं ‘भीमायन’, तेही बाबासाहेबांवरचंच. प्रकाराच्या रकान्यात दोन्हींपुढे मी एकच शेरा लिहिला : चित्रांचे पुस्तक. पुढे वर्गात दोन्ही वापरली तेव्हा कळलं, ह्यांना एका रकान्यात कोंबणं म्हणजे तूर आणि पऱ्हाटी एकाच वावरात उभी आहेत म्हणून एकच पीक लिहिण्यासारखं झालं.

सचित्र पुस्तकात गोष्ट शब्द सांगतात आणि चित्र त्यांना सोबत करतं. चित्रकादंबरीत, म्हणजे ज्याला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात त्यात, गोष्टीचा निम्मा भाग चित्रातच असतो. शब्दांत तो कुठेच सापडत नाही. ओळखायची माझी परीक्षा साधी आहे. हे पुस्तक आकाशवाणी नागपूरवरून वाचून दाखवता येईल का? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे येईल. त्याच्या पानांवरची चित्रं कोणाला दिसली नाहीत तरी ऐकणाऱ्या पोराच्या डोक्यात त्याची सायकल पळतेच. चित्रकादंबरी मात्र रेडिओवर आपटेल. निवेदक बोलण्याच्या फुग्यांतली वाक्यं वाचत जाईल आणि ऐकणारा विचारत राहील, कोण कोणाला म्हणालं, आणि मधे झालं काय?

(कॉमिक आणि ग्राफिक नॉव्हेल यांत फरक काय, हा वाद मी सोडून देते. ‘अमर चित्रकथा’ १९६७ साली सुरू झाली, ‘ग्राफिक नॉव्हेल’ हे नाव विल आइस्नर यांच्या १९७८च्या पुस्तकामुळे रूढ झालं. सांगायची रीत दोन्हींकडे एकच आहे; फरक असलाच तर लांबी, बांधणी आणि किमतीचा.)

माझ्या हातात आलेल्या दोन पुस्तकांत एक घटना सारखी होती, म्हणून तुलना सोपी झाली. १९०१ सालची ती गोष्ट. छोटा भीम आणि त्याच्यासोबतची मुलं वडिलांना भेटायला निघतात, मसूर स्टेशनावर उतरतात. घ्यायला कोणी आलेलं नसतं. मुलांची जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना गाडीत बसवून न्यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडं ठरतं, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं.

सचित्र चरित्रातलं हे प्रकरण मी मोठ्यानं वाचलं. पानावर बैलगाडीचं चित्र होतं, ते हातानं झाकून वाचलं, तरी काही कमी पडलं नाही. दुप्पट भाडं घेऊनही तो माणूस शेजारी बसत नाही, या वाक्यावर वर्ग चिडीचूप झाला. ते काम शब्दांनी केलं.

‘भीमायन’ ही चित्रकादंबरी २०११ साली आली. त्यातली चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. त्यांनी पानाच्या चौकटी पाडल्या नाहीत. घराच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात त्या दिग्ना नक्षीच्या पट्ट्यांनीच पान मोकळं विभागलं. बोलण्याच्या फुग्यांनाही आकार दिले. साध्या, सोसणाऱ्या माणसांचं बोलणं पाखराच्या आकारात येतं, टोचणारं बोलणं विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. मनातल्या विचाराला डोळा असतो.

माझ्याकडची प्रत इंग्रजी. आठवीच्या पोरांना ती जड जाईल म्हणून मी दोन संध्याकाळी बसून मराठी चिठ्ठ्या लिहिल्या आणि फुग्यांवर चिकटवल्या. मोठं काम केल्याचं समाधान होतं. दुसऱ्या दिवशी पुस्तक घोळक्यात फिरलं आणि मागच्या रांगेतली एक पोरगी उठून म्हणाली, “मॅडम, इचूची नांगी झाकून टाकली तुमी. आता हा मानूस चांगला बोलून रायला असं वाटते.”

खरंच होतं. माझी चिठ्ठी फुग्याहून मोठी होती. शब्द मी नीट उतरवले होते, पण ते कसे बोलले गेले हे सांगणारी खूण कागदाखाली गेली होती. चरित्रातलं अख्खं चित्र झाकलं तर काही बिघडलं नव्हतं, इथे बोटभर नांगी झाकली आणि माणूसच बदलला. दोन पुस्तकांतला फरक मला इतक्या स्वच्छपणे कुठल्याच प्रशिक्षणात कोणी सांगितला नव्हता.

बहुतेक चित्रकादंबऱ्यांना मात्र चौकटी असतात, आणि दोन चौकटींच्या मधे एक पांढरी पट्टी. आमच्या मुलांनी तिचं नाव ठेवलंय धुरा. दोन वावरांमधला धुरा, तसा हा. स्कॉट मॅक्लाउड या चित्रकारानं १९९३च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं आहे : दोन चौकटींमधल्या रिकाम्या जागेत काय झालं ते वाचणारा स्वतः भरतो, आणि गोष्ट तिथेच घडते. मी फळ्यावर दोन चौकटी काढल्या. पहिलीत एक माणूस कापसाची भरलेली गाडी घेऊन निघाला आहे. दुसरीत तोच माणूस घराच्या दारात, गाडी रिकामी, मान खाली, दारात बायको उभी. शब्द एकही नाही. विचारलं, धुऱ्यावर काय झालं?

“भाव पडला.” “ग्रेडरनं कापूस नापास केला, म्हनून पडत्या भावात खाजगीत इकला.” “सावकारानं पैसे तिथंच कापून घेतले.” एकजण म्हणाला, “बैल मेला असन.” त्यावर शेजारच्यानं लगेच विचारलं, “मंग गाडी कोन वढून रायलं, तुहा बुडा?”

हसण्यावारी गेलं, पण मुद्दा पक्का होता. चित्र वाचताना मनाला येईल ते उत्तर चालत नाही. दुसऱ्या चौकटीत बैल दिसतोय, म्हणजे बैल मेला हे चुकीचं वाचन. बाकी तीन उत्तरं चित्राला धरून आहेत. हीच गोष्ट कादंबरीत असती तर लेखकानं एका वाक्यात कारण सांगून टाकलं असतं आणि मी ‘रिकाम्या जागा भरा’ काढली असती.

म्हणून दोन्ही शिकवायच्या रीतीही वेगळ्या. सचित्र गोष्टीला एक प्रत पुरते. मी वाचते, बत्तीस पोरं ऐकतात. चित्रकादंबरी मोठ्यानं वाचून दाखवायची नाही. चार-चारचे गट सतरंजीवर, आधी पाच मिनिटं मुकाट्यानं बघणं, मग बोलणं. एकाच प्रतीवर हे करायचं म्हणजे आठवडा जातो, याला माझ्याकडे इलाज नाही.

आणि ही पुस्तकं ‘अप्रगत’ मुलांसाठीच ठेवावीत, हा सल्ला मला पटत नाही. माझ्या वर्गातल्या सगळ्यात भरभर वाचणाऱ्या मुलीनं पहिलं पान वीस सेकंदांत संपवलं. नुसते फुगे वाचले होते. चित्रात कोण आहे विचारलं तर पुन्हा पान उघडावं लागलं.

वयाचा घोळ वेगळाच आहे. चित्रं म्हणजे बालसाहित्य, असं कपाट लावणारे धरून चालतात. चित्रकादंबरी हा सांगण्याचा प्रकार झाला. कुमारसाहित्य म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या वाचकासाठीचं लेखन. दोन्ही एकत्र येऊ शकतात, आलंच पाहिजे असं नाही. आर्ट स्पिगेलमन यांच्या ‘माऊस’मध्ये ज्यू उंदीर आहेत आणि नाझी मांजरं, १९९२ साली त्याला विशेष पुलित्झर मिळालं. उंदीर-मांजर पाहून कोणी ते तिसरीला दिलं तर पंचाईत होईल, कारण आत छळछावण्या आहेत. अमेरिकेत टेनेसीच्या एका काउंटीनं जानेवारी २०२२ मध्ये ते आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं, शिव्या आणि एका नग्न चित्राचं कारण देऊन. हा धोका चित्रकादंबरीला जास्त असतो. कादंबरीतला खटकणारा परिच्छेद शोधायला ती वाचावी लागते. चित्राचं पान शाळा व्यवस्थापन समितीतल्या कोणीही चहा पिता पिता उघडलं तरी दिसतं. म्हणून मी आता अशी पुस्तकं आधी समितीपुढे ठेवते, मग वर्गात नेते.

चिठ्ठ्या मी काढून टाकल्या. मराठी मजकूर आता वेगळ्या वहीत आहे, फुग्यांना आकडे घालून. काढताना एका ठिकाणी कागदाचा पापुद्रा निघाला आणि नांगीचं टोक गेलं. तिथे कोणीतरी निळ्या बॉलपेननं नवी नांगी काढून ठेवली आहे, मूळच्यापेक्षा मोठी. कोणी, ते मी विचारलेलं नाही. नोंदवहीतला शेरा मात्र अजून तसाच आहे. शाईनं केलेली नोंद बदलायची तर मुख्याध्यापकांची सही लागते, आणि ते सध्या प्रशिक्षणाला गेले आहेत.