व्हर्च्युअल टेबल: सर्व्हरने बाहेरच्यांना दार कसं उघडलं

समजा, इंदूरच्या छावणी मंडीतल्या एका आडत्याकडे तोलकाट्याच्या नोंदी दिवसागणिक वेगळ्या सीएसव्ही फाइलीत साठतात आणि हिशेब पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरमध्ये आहे. फाइल आत न ओतता तिच्यावर थेट सिलेक्ट (ओळी मागणारी, डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतली आज्ञा) मारायचा, तर सर्व्हरला टेबलाचा नुसता भास द्यावा लागतो; हेच व्हर्च्युअल टेबल.

ही कल्पना जुनीच. डेटाबेसची स्वतःबद्दलची माहितीसुद्धा टेबलांसारखीच विचारता आली पाहिजे, हा रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडच्या 1985च्या नियमांपैकी चौथा. 1992च्या एसक्यूएल मानकात त्यातूनच इन्फर्मेशन स्कीमा, म्हणजे ही माहिती देणारा टेबलांचा संच, आला. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सर्व्हरला तो 2005मध्ये, 5.0 आवृत्तीत मिळाला. पण ही सगळी सर्व्हरची घरची टेबलं, बाहेरच्याला तिथे शिरकाव नव्हता.

तो मिळाला तुकड्यातुकड्याने. इन्फॉर्मिक्स या डेटाबेसने नव्वदच्या दशकातच तशी सोय केली होती. एसक्यूएल मानकात बाहेरच्या डेटासाठी वेगळा भाग आला 2001मध्ये. 2006च्या ऑगस्टमध्ये वापरणाऱ्या प्रोग्रामच्या आतच चालणाऱ्या एसक्यूलाइट या डेटाबेसच्या 3.3.7 आवृत्तीने व्हर्च्युअल टेबल आणलं, 2008मध्ये मायएसक्यूएल 5.1ने चालू सर्व्हरवर स्टोरेज इंजिन (टेबलाच्या ओळी साठवणारा-वाचणारा भाग) प्लगइन, म्हणजे बाहेरून जोडायचा तुकडा, म्हणून चढवायची मुभा दिली, आणि 2011च्या पोस्टग्रेस 9.1पासून फॉरेन टेबल, म्हणजे बाहेरच्या डेटावरचं टेबल, वाचता येऊ लागलं.

ओळी पुरवणं सोपं आहे: स्कॅन उघडा, पुढची ओळ द्या, संपल्या की सांगा. खरी गोम व्हेअरमध्ये, म्हणजे कुठल्या ओळी हव्यात ते सांगणाऱ्या अटीत. पोस्टग्रेससोबत येणारं फाइल_एफडीडब्ल्यू (एफडीडब्ल्यू म्हणजे फॉरेन डेटा रॅपर, बाहेरचा डेटा टेबलासारखा दाखवणारा प्लगइन) एका ट्रकच्या नंबरासाठीही अख्खी फाइल वाचतं आणि नको त्या ओळी सर्व्हर गाळतो. आपण लिहिलेल्या प्लगइनला तारखेची अट कळली, तर तो त्या दिवसाचीच फाइल उघडेल. एसक्यूलाइटमध्ये ही बोलणी एक्सबेस्टइंडेक्स या फंक्शनात होतात: यातल्या कुठल्या अटी तू सांभाळशील, खर्च किती येईल? तिथे खर्च बेताल सांगितला, की प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) जॉइनचा, म्हणजे टेबलं एकमेकांना जोडण्याचा, क्रम उलटा लावतो आणि आतली फाइल हजारदा उघडली जाते. पोस्टग्रेसनेही नंतरची बरीच मेहनत इथेच घेतली. दुसऱ्या पोस्टग्रेस सर्व्हरशी बोलणारं त्याचं एफडीडब्ल्यू 9.6पासून जॉइन आणि 2017च्या 10पासून बेरजा-सरासऱ्याही पलीकडे ढकलू लागलं.

एक गोष्ट मात्र बदललेली नाही. सी भाषेतला प्लगइन सर्व्हरच्याच प्रोसेसमध्ये चालतो, त्यामुळे एक चुकीचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) सगळ्यांची कनेक्शनं तोडू शकतो. शिकणाऱ्याने आधी एसक्यूलाइटवर हात बसवावा, असं मी म्हणेन. तिथे कोसळला तर आपलाच प्रोग्राम कोसळतो.