जर्मन घरांत नाताळच्या कुकीज कधीपासून भाजू लागले?

डिसेंबर लागला की जर्मन घरांतले पत्र्याचे डबे माळ्यावरून खाली येतात. मैदा, लोणी, साखर मळून पोळी लाटायची, चांदण्या आणि चंद्रकोरी कापायच्या, भाजायच्या आणि नाताळपर्यंत पुरतील अशा बेताने डब्यात भरायच्या. ही रीत इतकी घरगुती आहे, की ती मध्ययुगापासून चालत आली असावी असंच वाटतं. नाताळचा खाऊ जुना आहेच. पण तो सर्वसामान्य घरात भाजला जाऊ लागला, तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात.

त्याआधीचा मानाचा खाऊ म्हणजे लेबकुखेन, मध आणि मसाल्यांची जाडसर, तपकिरी कुकी. न्यूरेंबर्गमध्ये ती करणाऱ्या कारागिराची नोंद १३९५ सालची आहे. शहराभोवतीच्या शाही जंगलात मधाचा मोठा व्यवसाय होता आणि व्हेनिसहून येणारे मसाले याच शहरातून पुढे जात. त्यातली मिरी, सुंठ आणि वेलची आपल्या मलबारकडची. पोर्तुगीजांनी समुद्रमार्ग शोधल्यावर १५०५ साली भारताकडे निघालेल्या त्यांच्या आरमारात न्यूरेंबर्ग आणि आउग्सबुर्गच्या व्यापाऱ्यांनी पैसा गुंतवला होता. १६४३ साली लेबकुखेन करणाऱ्यांचा स्वतंत्र संघ झाला. हा परंपरागत धंदा होता, त्याला नियम होते आणि भट्ट्या कारागिरांच्या होत्या.

लोण्याचीही अडचण होती. नाताळपूर्वीचे आठवडे उपासाचे, त्यात लोणी वर्ज्य. १४९१ साली पोप इनोसंट आठवे यांनी सॅक्सनी या जर्मन प्रांताला लोणी वापरायची मुभा दिली, तीही पैसे भरण्याच्या अटीवर. साखर तर परदेशातून येणारी, श्रीमंतांच्या घरची वस्तू. आज जी कुकी सगळ्यांत साधी मानली जाते, तिचे दोन मुख्य जिन्नस असे हाताबाहेरचे होते. शिवाय अनेक गावांत भट्टी सामाईक असे. आपल्याकडे दिवाळीआधी नानकटाईचं पीठ डब्यात घालून बेकरीत न्यायचे, तसंच काहीसं.

१७४७ साली बर्लिनच्या आंद्रेआस मारग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने बीटमध्ये उसातलीच साखर असल्याचं दाखवलं. त्याचा शिष्य फ्रांत्स आखार्ड याने १८०१ साली सायलेशियात बीटच्या साखरेचा कारखाना उभारला. पुढे नेपोलियनच्या नाकेबंदीत उसाची साखर येईनाशी झाली आणि या धंद्याला जोर आला. शतक सरता सरता साखर साध्या घरांच्याही फडताळात आली. त्याच काळात शहरी घरांत कोळशावरच्या ओतीव लोखंडी चुली आल्या, त्यांना भाजायचा कप्पा होता. माझ्या मते खरा बदल या कप्प्याने केला. भट्टीची पाळी धरायची गरज संपली आणि मुलांना हाताशी घेऊन दुपारभर कुकीज करता येऊ लागल्या.

पीठ फुलवणं हे त्याआधी कसबाचं काम होतं. लेबकुखेनसाठी लाकडाच्या राखेतून काढलेला पोटॅश वापरत आणि मधाचं पीठ कित्येक आठवडे मुरू देत. पातळ बिस्किटांसाठी हरणाच्या शिंगापासून मिळवलेला अमोनियाचा क्षार असे. जाड कुकीला तो चालत नाही, कारण वायू पूर्ण बाहेर पडला नाही तर उग्र वास मागे राहतो. १८९१ मध्ये बीलेफेल्डचे औषधविक्रेते आउगुस्ट ओएटकर यांनी अर्धा किलो पिठाला पुरेल एवढी बेकिंग पावडर छोट्या पुडीत विकायला आणली. अंदाज चुकण्याची भीतीच गेली. व्हॅनिलाही स्वस्त झाला होता. १८७४ मध्ये विल्हेल्म हारमान आणि फेर्डिनांड टीमान यांनी देवदार जातीच्या झाडांच्या रसातल्या द्रव्यापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला वास देणारं मुख्य द्रव्य, तयार केलं होतं.

न्यूरेंबर्गच्या लेबकुखेनला १९९६ पासून युरोपीय कायद्याचं संरक्षण आहे. शहराबाहेर केलेल्या कुकीला ते नाव लावता येत नाही. घरच्या साध्या लोण्याच्या कुकीज मात्र साधारण एकाच प्रमाणावर चालतात: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. पीठ तासभर गार जागी ठेवायचं, मग लाटायचं. फुलवायला काहीच लागत नाही.