क्युकेनहॉफची पार्श्वभूमी: वाड्याचं रान, कंदांचा धंदा आणि कॅमेरेवाले

नेदरलँड्समधल्या लिसे गावाजवळची क्युकेनहॉफ ही ट्यूलिपची बाग मराठी पर्यटकाला नव्याने सांगायला नको. युरोप सहलीच्या जाहिरातीत आयफेल टॉवर आणि स्विस बर्फाच्या बरोबरीने तिचा फोटो असतोच. पण ही बाग कुणी, कशासाठी केली आणि तिच्या कुंपणाबाहेरच्या शेतांना अलीकडे दोऱ्या नि पाट्या का लागल्या, हे त्या जाहिरातीत नसतं. फोटोसाठी शेतांत शिरणाऱ्या पर्यटकांवरून गेल्या काही वर्षांत जो वाद झाला, त्याचं मूळ त्या दोन प्रश्नांत आहे, म्हणून हे टिपण.

जुना इतिहास थोडक्यात आटोपता येतो. पंधराव्या शतकात हा भाग जवळच्या टेलिंगन गढीच्या शिकारीच्या रानात मोडत होता. गढीवर राहणाऱ्या, राज्य गमावलेल्या एका राजकन्येच्या मुदपाकखान्यासाठी भाजी, औषधी पाला आणि शिकार इथून जाई. बागेच्या नावातला ‘स्वयंपाकघर’ हा अर्थ तिथून आला. 1641च्या सुमारास डच ईस्ट इंडिया कंपनीच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने इथे वाडा बांधला. हा गृहस्थ इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर कंपनीचा गव्हर्नर राहिलेला, म्हणजे वाड्याच्या पायात मसाल्याचा पैसा आहे. (त्याच कंपनीने आपल्याकडे वेंगुर्ल्यालाही वखार घातली होती. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत, बाग मात्र कुणी केली नाही.) पुढे वाडा घरंदाज कुटुंबांच्या हातांतून फिरत राहिला. 1857मध्ये मालकांनी भोवतालचं रान एका बापलेकाच्या जोडीकडून इंग्लिश धाटणीने आखून घेतलं: वळणाच्या वाटा, तळं, बीच नावाची पानझडी झाडं. अ‍ॅमस्टरडॅमचं फोंडेलपार्कही याच घराण्याच्या हातचं. वाड्याला मनोरे चढले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे आज तो मध्ययुगीन किल्ल्यासारखा दिसतो, पण तसा तो कधीच नव्हता.

ट्यूलिप तोवर या रानात आलेच नव्हते म्हटलं तरी चालेल. 1594मध्ये लायडनच्या विद्यापीठाच्या बागेत ते फुलले, त्यानंतर चाळीसेक वर्षांनी कंदांच्या चढत्या भावाने लोकांची डोकी फिरवली, तो किस्सा सगळ्यांना पाठ आहे. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट कमी सांगितली जाते. हार्लेम आणि लायडन यांच्यामधल्या पट्ट्यात समुद्रकाठचे जुने वाळूचे टेकाड खणून सपाट करण्यात आले. वाळू शहरांच्या बांधकामाला गेली आणि मागे राहिली चुनखडीयुक्त, मोकळी, पाणी न धरणारी जमीन. चरांमधून पाण्याची पातळी जमिनीखाली दोनेक फुटांवर कायम ठेवता येते. कंदाला याहून चांगलं अंथरूण मिळणार नाही. फुलांचे ते जगप्रसिद्ध रंगीत पट्टे पडले ते या जमिनीवर, आणि ते पिकाचे पट्टे आहेत. देखाव्यासाठी कुणी काढलेले नाहीत.

खरी गोष्ट 1949पासून सुरू होते. 1944-45च्या उपासमारीच्या हिवाळ्यात इथल्या लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले होते. युद्ध संपल्यावर कंदांची निर्यात पुन्हा उभी करायची होती. 1947-48च्या सुमारास फुलांच्या रथांची मिरवणूक सुरू झाली, ती आजही दर एप्रिलमध्ये निघते. मग गावच्या महापौराने आणि वीस कंद-व्यापाऱ्यांनी मिळून ठरवलं, की वसंतात फुलणाऱ्या कंदांचं कायमचं उघड्यावरचं प्रदर्शन मांडायचं. जागा म्हणून वाड्याचं रान भाड्याने घेतलं. 1949च्या शरदात कंद लावले आणि 1950च्या वसंतात दरवाजे उघडले. पहिल्याच वर्षी 2,36,000 लोक आले.

हे प्रदर्शन होतं, आणि आजही प्रदर्शनच आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. बत्तीस हेक्टरांवर दर शरदात सुमारे सत्तर लाख कंद लावले जातात. ते बाग विकत घेत नाही. शंभरेक उत्पादक आपापला माल फुकट देतात. कुणाचे कंद कुठल्या वाफ्यात ते ठरलेलं असतं, वाफ्यापुढे जातीचं नाव नि उत्पादकाचं नाव लिहिलेली पाटी असते. ज्याला आवडलं त्याने नाव टिपून घ्यावं आणि मागणी नोंदवावी, हा मूळ हिशेब. चाळीसेक माळी ऑक्टोबरपासून हाताने लागवड करतात. एकाच वाफ्यात एकावर एक थर असतात. खाली उशिरा फुलणारे ट्यूलिप, मध्ये लवकरचे, वर क्रोकससारखे चिमुकले. त्यामुळे आठ आठवडे वाफा रिकामा दिसत नाही. हंगाम संपला की सगळे कंद उपटतात आणि पुढच्या वर्षी नवा आराखडा, नवे कंद. माल मांडणाऱ्या दुकानदाराने दर हंगामाला दर्शनी खिडकी बदलावी, तसंच हे.

गिऱ्हाइकाच्या जागी पर्यटक कधी आला, याची एक तारीख सांगता येत नाही. 1957मध्ये एका जहाज कंपनीने ग्रोनिंगेनकडची 1892 सालची पवनचक्की बागेला दिली. तिच्या सज्जावर चढलं की कुंपणापलीकडची शेतं दिसतात. हा सज्जा म्हणजे फोटो काढण्यासाठीच उभी केलेली जागा आहे असं आज कुणालाही वाटेल. रंगीत फिल्म स्वस्त होत गेली तसे हे पट्टे कॅलेंडरांवर, चॉकलेटच्या डब्यांवर गेले. आपल्याकडे तर 1981च्या एका हिंदी चित्रपटातल्या गाण्याने काम फत्ते केलं. त्यात नायक-नायिका रंगांच्या मधोमध वावरताना दिसतात. पुढच्या दोन पिढ्यांना हवी असलेली चौकट तिथे ठरून गेली: आपण मधे, फुलं चारी बाजूंनी. 2007मध्ये श्रीनगरला दल सरोवराच्या वर ट्यूलिपची सरकारी बाग उघडली, तिच्यासमोर उभं राहून लोक काढतात ते फोटोही त्याच चौकटीतले.

आता या चौकटीवरच वाद आहे. बागेत रांगांमध्ये शिरता येत नाही. वाफे मुळात पायवाटेवरून बघण्यासाठी आखलेले आहेत. म्हणून मग फोटो हवा असलेला माणूस बागेतून बाहेर पडतो आणि रस्त्याकडेच्या शेतात उतरतो. शेताला कुंपण नसतं, फार तर एखादा चर असतो, तो उडी मारून ओलांडता येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिथे जे घडतं ते समजून घेण्यासाठी एवढं माहीत हवं की त्याचं पीक फूल नव्हे, कंद आहे.

मग तो फूल येऊच का देतो? कारण फूल उमलल्याशिवाय रोग दिसत नाही. पाकळ्यांवर विषाणूचे फराटे पडलेत का, लाल वाणात एखादं पिवळं घुसलंय का, हे उमललेल्या फुलावरच कळतं. अनुभवी माणसं रांगांमधून चालत रोगट रोपं हुडकून काढतात. आता हे काम कॅमेरे लावलेली यंत्रं करू लागली आहेत: रांगेवरून सावकाश सरकत हजारो फोटो काढायचे, रोगट रोप ओळखायचं आणि तिथल्या तिथे मारायचं. शेतात फिरायची उघड परवानगी असलेला हा एकमेव फोटोग्राफर. तपासणी झाली की यंत्राने सगळ्या फुलांची डोकी उडवतात. रोपाची ताकद बी धरण्यात न जाता कंदात उतरावी आणि गळलेल्या पाकळ्या पानांवर कुजून बुरशी धरू नये, हा उद्देश. सकाळी फोटोला निघालेल्या माणसाला दुपारी हिरव्या देठांचं शेत आणि बांधावर रंगांचा ढीग दिसतो. ‘इतकी सुंदर फुलं फेकली!’ अशी हळहळ दरवर्षी ऐकू येते. शेतकऱ्याच्या लेखी त्याच दिवशी त्याचं पीक मार्गी लागलेलं असतं.

अशा शेतात माणसं शिरली की फुलं मोडतात हे वरवरचं नुकसान. मोडलेल्या पानाचा कंद लहान राहतो, हे त्याहून मोठं. आणि सगळ्यात मोठी भीती पायांची. ट्यूलिपचा एक विषाणू रोपांच्या रसाने, नुसत्या घासण्यानेही पसरतो. खोडात राहणारा एक सूक्ष्म कृमी बुटाला चिकटलेल्या मातीतून एका शेतातून दुसऱ्यात जाऊ शकतो, आणि तो सापडला तर ती खेपच नष्ट करावी लागते. दहा शेतं फिरून आलेला पर्यटक म्हणजे शेतकऱ्यासाठी दहा शेतांची माती घेऊन आलेला माणूस. फोटो काढणाऱ्याला हे सांगितल्याशिवाय कळणं शक्य नाही, हेही खरं.

2018-19च्या सुमाराला प्रकरण तापलं. एका उत्पादकाने एका हंगामात दहा हजार युरोचं नुकसान झाल्याचं सांगितलेलं त्या वेळी छापून आलं होतं. मग दोऱ्या आल्या, चित्रांच्या पाट्या आल्या (भाषा कुणाला कळेल याची खात्री नाही म्हणून चित्रं), शनिवार-रविवारी रस्त्याकडेला उभे राहून समजावणारे स्वयंसेवक आले. इथे मतभेद झाले ते गावातल्या गावात. काहींचं म्हणणं, कुंपणं घातली तर हा प्रदेश प्रदर्शनातल्या काचेआडच्या वस्तूसारखा होईल, आणि सत्तर वर्षं आपणच लोकांना ‘या, बघा’ म्हणत आलो. दुसरे म्हणत, बघायला बोलावलं, तुडवायला नव्हे. तिसऱ्यांनी वेगळाच मार्ग काढला: एक तुकडा खास फोटोसाठी लावायचा, झोपाळा किंवा जुनी सायकल ठेवायची, तिकीट घ्यायचं. अशा जागा आता परिसरात बऱ्याच आहेत आणि चालतातही. माझ्या मते वादातून निघालेली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट हीच. तिथे फूल हेच पीक आहे आणि फोटो हाच माल, कुणाची फसवणूक नाही. जुन्या बागायतदारांना मात्र ते जत्रेतल्या फोटोवाल्याच्या रंगवलेल्या पडद्यासारखं वाटतं.

याच सुमारास देशाच्या पर्यटन-प्रचाराचं काम बघणाऱ्या यंत्रणेने जाहीर केलं, की यापुढे जास्तीत जास्त लोक आणणं हे उद्दिष्ट नाही. आलेल्यांची नीट विभागणी करणं आहे. पवनचक्क्या आणि ट्यूलिप दाखवून देश विकणं थांबवायचं, असा त्याचा अर्थ बाहेर लावला गेला. लिसेकरांना तो निर्णय अर्धा पटला. गर्दी कमी झाली तर हवीच होती. पण ज्या फुलावर गावाचा धंदा उभा आहे त्यालाच ओझं म्हटलेलं कुणाला आवडेल? शिवाय प्रचार थांबवल्याने फोटो थांबत नाहीत. आता जाहिरात सरकार करत नाही, आलेला प्रत्येक जण स्वतःच्या मोबाइलवरून करतो.

2020मध्ये निर्णय कुणाच्या हातात राहिलाच नाही. लावलेले सत्तर लाख कंद फुलले, पण टाळेबंदीमुळे दरवाजे उघडले नाहीत. माळ्यांनी व्हिडिओ काढून बाग घरोघरी दाखवली. ईस्टरच्या सुट्टीत परिसरातले रस्ते बाहेरच्या गाड्यांना बंद ठेवले होते. जपानमधल्या साकुरा शहराने तर फोटोसाठी गर्दी होते म्हणून लाखो ट्यूलिप खुडून टाकले. साथ ओसरल्यावर क्युकेनहॉफमध्ये तिकिटावर तारखेबरोबर आत शिरण्याची वेळ छापलेली असणं नेहमीचं झालं आणि पर्यटकांचा आकडा पुन्हा साथीच्या आधीच्या, म्हणजे पंधरा लाखांच्या आसपास पोचला.

वाड्याचं काय झालं, हेही सांगायला हवं, कारण बसमधून उतरणाऱ्या बहुतेकांना तो दिसतच नाही. तो रस्त्याच्या पलीकडे आहे. त्याचा शेवटचा सरदार मालक 2003मध्ये निपुत्रिक वारला आणि सगळी मालमत्ता एका विश्वस्त संस्थेकडे गेली. ट्यूलिपची बाग चालवणारी संस्था वेगळी. एकाच नावाच्या दोन जागा, दोन कारभार, दोन तिकिटं. ट्यूलिप गेल्यावर, जूननंतर वाड्याभोवतीच्या वाटा गावकऱ्यांच्या होतात. बीचची झाडं तेव्हा पूर्ण पानांत असतात. फुलांच्या दिवसांत ती निम्मी उघडी असतात म्हणून तर खालच्या वाफ्यांवर ऊन पोचतं. फोटोवाल्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात झाडांखाली जो उजेड मिळतो तो मेमध्ये मिळत नाही.

बागेतले आजचे नियम फार जाचक नाहीत. स्वतःसाठी फोटो काढायला कुणी अडवत नाही. व्यावसायिक चित्रीकरणाला आधी परवानगी लागते. ड्रोन चालत नाही. स्किपोल विमानतळ एवढा जवळ असताना तो बागेबाहेरही उडवता येत नाही. शेतांचे फोटो रस्त्यावरून किंवा सायकलवाटेवरून काढावेत. सायकल भाड्याने बागेच्या दाराशीच मिळते.

आपल्या लोकांची अडचण वेगळीच आहे, ती पंचांगाची. बाग मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात उघडते आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात बंद होते. ट्यूलिपचा भर साधारण एप्रिलच्या मध्यावर. महाराष्ट्रातल्या शाळांच्या परीक्षा संपून मुलंबाळं घेऊन निघायचं तर एप्रिल सरत आलेला असतो. मेच्या पहिल्या आठवड्यात पोचलेल्यांना बागेत फुलं मिळतात, थरांची लागवड त्यासाठीच आहे. पण पवनचक्कीच्या सज्जावरून दिसणाऱ्या शेतांतली डोकी तोवर बरीचशी उडवलेली असतात. जाहिरातीतला फोटो तीन आठवडे आधीचा असतो, हे सहल विकणारे क्वचितच सांगतात. वसंत उबदार असला तर हा फरक आणखी वाढतो, कारण बागेत थरांनी सांभाळून घेता येतं, उघड्या शेतात नाही.