संरक्षित कूळ (हैदराबाद राज्य)

निजामाच्या हैदराबाद राज्यात (तेलंगणा, मराठवाडा आणि कर्नाटकातले काही जिल्हे) पोलीस ॲक्शननंतर जे जमीन सुधारणांचे कायदे आले, त्यातून कायद्याने मान्यता मिळालेला कुळांचा वर्ग. सप्टेंबर १९४८ नंतर लष्करी गव्हर्नर जयंतनाथ चौधरींच्या काळात, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, निजामाची खासगी सर्फेखास जमीनही सरकारात आली, आणि मग जून १९५० पासून हैदराबादचा कूळकायदा लागू झाला.

या संरक्षणाचं मूळ कुठलं यावर वाद आहे. डाव्या अभ्यासकांच्या मते तेलंगणातल्या शेतकऱ्यांच्या, कम्युनिस्टांनी चालवलेल्या सशस्त्र लढ्यामुळेच (१९४६-५१) सरकारला हलावं लागलं. लढ्यात सुमारे ३००० गावांत १० लाख एकर जमीन वाटली गेली असं सांगतात, पण हा आकडा कम्युनिस्ट पक्षाचा स्वतःचा आहे. दुसरा गट निजामाच्याच काळातल्या, फसली (निजामाच्या महसुली कालगणनेच्या) १३५४ सालच्या (साधारण १९४४-४५) असामी शिकमी या जुन्या कूळकायद्याकडे बोट दाखवतो. १९५० च्या कायद्याचं कलम ३४ वाचलं तर या गटाचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटत नाही. सलग ६ वर्षं जमीन कसली असेल तर कूळ संरक्षित, पण ही ६ वर्षं मोजायचे तीन वेगवेगळे कालखंड दिलेत आणि त्यातला पहिला फसली १३४२ ते १३५२, म्हणजे जुन्या कायद्याच्या आधीचा, त्यामुळे सांगाडा तिथूनच उचलला असावा. कलम ३८ मधला कुळाने जमीन विकत घ्यायचा हक्क मात्र लढ्याच्या दबावाशिवाय इतक्या लवकर आला असता असं वाटत नाही.

प्रत्यक्षात काय झालं यासाठी मुख्य भिस्त अर्थशास्त्रज्ञ खुस्रो यांच्या पाहणीवर. १९५१ च्या दर १०० संरक्षित कुळांमागे तीन-चार वर्षांत ४५.४ तशीच टिकली, १२.४ नी जमीन विकत घेतली, २.६ ना कायदेशीर मार्गाने काढलं, २२.१ ना बेकायदा, आणि १७.५ नी 'राजीखुशीने' सोडली. ही राजीखुशी कशी असायची ते उघड आहे, कागदावर कुळाचा अंगठा आणि गावचं दप्तर पटवारीच्या हातात, जो बहुतेक जमीनदाराच्याच बैठकीतला. त्यामुळे फायदा झाला तो आधीच बैलबारदाना बाळगून असलेल्या मधल्या शेतकऱ्याला, सालगड्याचं नाव कूळ म्हणून लागलेलंच नव्हतं तर त्याला संरक्षण कसलं.



१९५६ नंतर मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगणा आंध्रात, आणि अंमलबजावणीच्या वाटा फुटल्या. तेलंगणात जमिनीच्या केसेसमध्ये १९५४-५५ ची खासरा पहाणी (जमीन कोणाची, कोण कसतं याची नोंद) आणि कलम ३८-ई चं, म्हणजे संरक्षित कुळाला मालकी दिल्याचं, सर्टिफिकेट आजही काढलं जातं.