‘ह्युमनाइझ’ दाबून ठेका डोलत नाही

गणपती तोंडावर आले की गिरगाव-लालबागपासून भांडुपपर्यंत घरोघरी लॅपटॉपवर गाणी शिजू लागतात. गाणं मित्रांना ऐकवलं की ठरलेली प्रतिक्रिया येते, “चाल छान आहे रे, पण ठेका मशीनचा वाटतो.” मग कुणीतरी जाणकार सल्ला देतो, ह्युमनाइझ मार. संगीताच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. ती प्रत्येक ठोका त्याच्या जागेवरून किंचित पुढेमागे, कसाही, हलवते. यामागचा समज असा की यंत्र अचूक म्हणून निर्जीव आणि माणूस चुकतो म्हणून जिवंत, तेव्हा यंत्राला थोडं चुकायला लावलं की काम झालं. आता याच समजावर ‘एआय’ची झूल चढवून प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, विकले जातात.

चांगल्या ढोलकीवाल्याचा हा अपमान आहे. तो एखादा ठोका मागे ठेवतो तेव्हा दर आवर्तनात तोच ठोका, जवळजवळ तेवढाच मागे ठेवतो. तबलजी याला ठेक्याचं वजन म्हणतात. सॉफ्टवेअरच्या भाषेत हेच ग्रूव्ह, आणि त्याचा सर्वांत सोपा, मोजता येणारा प्रकार म्हणजे स्विंग.

एका मात्रेत ‘तिरकिट’ बसवा. ति, र, कि, ट असे चार ठोके. गाण्याची गती ९० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९० मात्रा असेल तर एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची आणि प्रत्येक अक्षराच्या वाट्याला १६७. क्वांटाइझ केलं की सॉफ्टवेअर चारही ठोके ग्रिडच्या, म्हणजे पडद्यावर समान अंतराने आखलेल्या, रेघांवर नेऊन चिकटवतं. स्विंगमध्ये ‘ति’ आणि ‘कि’ रेघेवरच राहतात, ‘र’ आणि ‘ट’ मात्र ठरावीक उशिरा येतात. ‘ति-र’ ही जोडी मिळून ३३३ मिलिसेकंदांची. तिची समसमान वाटणी केली तर स्विंग ५० टक्के, म्हणजे सरळ. पहिल्याला दोन वाटे आणि दुसऱ्याला एक दिला तर ६६.७ टक्के. ही झाली तिस्र, म्हणजे तिनाच्या अंगाची चाल, दादऱ्याच्या झोक्यासारखी. खरी मजा या दोहोंच्या मध्ये आहे. ६२ टक्क्यांवर ‘ति’ला २०७ मिलिसेकंद मिळतात आणि ‘र’ला १२७. ही चाल धड चतस्र, म्हणजे चाराची नाही, धड तिस्र नाही. नोटेशनमध्ये ती नेमकी लिहायला गेलात तर कागद काळा होईल, पण मान मात्र आपोआप हलू लागते.

ही सोय यंत्रात आणण्याचं श्रेय अमेरिकन अभियंता रॉजर लिन यांना जातं. त्यांच्या १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित नमुने होते, चुकार ठोके रेघेवर आणायची सोय होती आणि स्विंगही होतं. पुढे अकाई कंपनीसाठी त्यांनी ठेके रचायचं एमपीसी-६० हे यंत्र घडवलं, ते १९८८ मध्ये आलं आणि हिप-हॉपवाल्यांचं दैवतच झालं. इतकं, की ‘एमपीसीच्या स्विंगची जादू’ अशी एक श्रद्धाच तयार झाली आहे. जुनं यंत्र चढ्या भावाने घ्यायचं, कारण म्हणे त्यातला झोका कॉम्प्युटरला जमत नाही! ४३२ हर्ट्झवर सूर लावला की शरीर बरं होतं म्हणणाऱ्यांच्या पंगतीला या मंडळींना बसवायला हरकत नाही. एमपीसी-६० चं घड्याळ एका मात्रेचे ९६ टिक करतं. म्हणजे ‘ति-र’च्या जोडीला ४८ टिक. वाटणी २४-२४ केली की सरळ, २६-२२ केली की ५४ टक्के, ३०-१८ केली की साडेबासष्ट आणि ३२-१६ केली की तिस्र. ते यंत्र टायमिंगला पक्कं होतं हे खरं, पण बाकी हा भागाकार आहे. तो कुठल्याही सॉफ्टवेअरला येतो.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. किती टक्के स्विंग चांगलं, याचं उत्तर गतीवर अवलंबून असतं. अँडर्स फ्रीबर्ग आणि आंद्रेआस सुंडस्ट्रॉम या संशोधकांनी २००२ मध्ये जॅझ ड्रमरांच्या राइड सिंबलचे, म्हणजे ठेका धरणाऱ्या मोठ्या झांजेचे, ठोके मोजून प्रसिद्ध केले. संथ गतीत लांब आणि आखूड ठोक्यांचं प्रमाण साडेतीनास एकपर्यंत गेलेलं दिसलं. गती वाढली तसं ते उतरत आलं आणि फार जलद गतीत एकास एक, म्हणजे चक्क सरळ झालं. प्रमाण असं बदलत असताना एक गोष्ट मात्र जवळपास जागची हलत नव्हती. मध्यम ते जलद गतीत आखूड ठोक्याची लांबी १०० मिलिसेकंदांच्या आसपासच राहत होती. यामागे हाताची आणि कानाची मर्यादा असावी. त्याहून आखूड तुकडा कानाला स्वतंत्र ठोका म्हणून नीट भरत नाही, पुढच्या ठोक्याला चिकटल्यासारखा वाटतो.

मग आपल्या ‘तिरकिट’चं गणित मांडू. ‘र’ला किमान १०० मिलिसेकंद राखून ठेवायचे ठरवले तर ९० बीपीएमला स्विंग जास्तीत जास्त ७० टक्के जाऊ शकतं. ११० ला जोडी २७३ मिलिसेकंदांची होते आणि कमाल मर्यादा ६३ वर येते. १३० ला ५७. आणि १५० ला जोडीच २०० मिलिसेकंदांची, त्यामुळे १००-१००, म्हणजे ५० टक्के, चक्क सरळ! जॅझच्या सिंबलवरचं मोजमाप मी इथे ढोलकीच्या बोलांना लावतो आहे, तेव्हा हा ठोकताळा समजा, नियम नव्हे. पण यातून एक नेहमीचं कोडं सुटतं. ९० च्या रॅपमध्ये मस्त डोलणारं ६६ टक्के स्विंग उचलून मिरवणुकीच्या धावत्या गाण्यावर तसंच ठेवलं की ठेका लंगडतो. टक्के तेच राहिले, पण ‘र’चा जीव गुदमरला. गती वाढवली की स्विंग उतरवायचं.

आता त्या कसंही हलवणाऱ्या सोयीकडे वळू. माणसाच्या वादनात ठरलेल्या वजनाखेरीज दहा-वीस मिलिसेकंदांच्या घरातला हेलकावा असतोच. पण त्या हेलकाव्याला स्मरण असतं. जर्मनीतल्या गटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वादकांची ही विचलनं तपासली. आत्ताच्या ठोक्याचं विचलन बऱ्याच पुढच्या ठोक्यांच्या विचलनाशी नातं राखून होतं. त्यांच्या वर्णपटात जितकी कमी वारंवारिता तितकी शक्ती जास्त, म्हणजे साधारण ‘एक भागिले एफ’ (एफ म्हणजे वारंवारिता) प्रकारचा आलेख. वेगळ्या शब्दांत, वादक थोडा मागे रेलला की काही काळ रेललेलाच राहतो आणि मग सावकाश परततो. ह्युमनाइझमधली यादृच्छिक संख्या दर ठोक्याला नव्याने नाणं उडवते, तिला मागचं काही आठवत नाही. एकाच गाण्याच्या दोन्ही तऱ्हा ऐकवल्या तेव्हा श्रोत्यांनी स्मरण असलेल्या हेलकाव्याला पसंती दिली.

याचा अर्थ ठोके हलवले की नाचावंसं वाटतंच, असाही नाही. २०१३ च्या एका अभ्यासात जॅझ, फंक आणि सांबाच्या छोट्या साच्यांमध्ये अशी सूक्ष्म विचलनं वाढवली, तर श्रोत्यांनी दिलेले ग्रूव्हचे गुण बहुतेक ठिकाणी घटलेच. उलट २०१४ मध्ये मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की साच्यातच मध्यम प्रमाणात आडवे, अनपेक्षित जागचे आघात असतील तर अंग हलवावंसं जास्त वाटतं. फार कमी किंवा फार जास्त असतील तर नाही. तेव्हा आधी ठेका नीट रचा, मग टक्क्यांशी खेळा. आघातांचा लहानमोठेपणाही तितकाच महत्त्वाचा. मिडीत, म्हणजे कॉम्प्युटर आणि वाद्यांच्या सामाईक भाषेत, त्यासाठी १ ते १२७ अशी मोजपट्टी आहे आणि बहुतेक नवशिके सगळे ठोके एकाच आकड्यावर ठेवतात.

सगळंच्या सगळं एकसारखं मागे सरकलं तर मात्र काही बिघडत नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मिरवणुकीत स्पीकरच्या ट्रकपासून सतरा मीटरवर चालणाऱ्याला गाणं पन्नास मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं, तरी त्याचे पाय बरोबर पडतात, कारण ठोक्यांमधली अंतरं तीच राहतात. वजन असतं ते या आपसातल्या अंतरांत. डेट्रॉइटचा हिप-हॉप संगीत-निर्माता जे डिला याची ख्यातीही इथलीच. त्याच्या ठेक्यांत एक वाद्य रेघेच्या अलीकडे, दुसरं पलीकडे असं ठरवून सरकवलेलं ऐकू येतं. त्याचं एमपीसी आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मुंबईत राहणाऱ्याला तर विकतचे ग्रूव्ह घ्यायची गरजच नाही. भजनी मंडळात, बेंजो पार्टीत, चाळीच्या गणपतीत ढोलकी वाजवणारा कुणीतरी ओळखीचा निघतोच. त्याला क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) ऐकवत आठ-दहा आवर्तनं वाजवायला सांगा आणि फोनवर नाही, साध्या का होईना माइकवर रेकॉर्ड करा. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये त्या क्लिपवरून ‘एक्स्ट्रॅक्ट ग्रूव्ह’ केलं की प्रत्येक ठोका रेघेपासून किती सरकला आणि किती जोरात पडला याचा साचा मिळतो. लॉजिक या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एखादा ट्रॅक ग्रूव्ह ट्रॅक म्हणून नेमता येतो. हा साचा आधी फक्त हाय-हॅट (जोड-झांज) आणि शेकर (खुळखुळा) यांना लावा, ‘टायमिंग’, म्हणजे साचा किती लागू करायचा ते, साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवा, ‘रँडम’ शून्यावर. किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, जागेवर राहू द्या. एक गोष्ट साचा काढण्यापूर्वीच करायची. रेकॉर्डिंग कॉम्प्युटरमध्ये शिरताना काही मिलिसेकंद उशीर होतोच, म्हणून क्लिप सरकवून सम, म्हणजे आवर्तनाचा पहिला ठोका, रेघेवर आणून ठेवा, नाहीतर सॉफ्टवेअर साउंडकार्डाच्या उशिरालाही ढोलकीवाल्याचं वजन समजेल.