मांसातील कोलिस्टिन-रोधी जिवाणू

कोंबडी, डुक्कर यांसारख्या खाद्यप्राण्यांच्या आतड्यात वाढणारे, कत्तलीच्या वेळी मांसाला चिकटणारे आणि कोलिस्टिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे जिवाणू. यांत ई. कोलाय प्रमुख; क्लेब्सिएला आणि साल्मोनेला यांतही हा गुण आढळतो. मांसात इतर प्रतिजैविकांना पुरून उरणारे जिवाणूही सापडतात, परंतु गोठ्यातले औषध रुग्णालयात कसे नडते हे कोलिस्टिनइतके उघड दुसऱ्या कशात दिसत नाही.

कोलिस्टिन १९४०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मातीतल्या एका जिवाणूपासून मिळाले. मूत्रपिंड आणि मज्जातंतूंवर त्याचा दुष्परिणाम होतो, म्हणून अधिक सुरक्षित औषधे आल्यावर डॉक्टरांनी ते जवळजवळ टाकून दिले. पशुवैद्यकात मात्र ते टिकले. औषध स्वस्त, तोंडावाटे दिल्यास बहुतांशी आतड्यातच राहणारे आणि हगवणीवर गुणकारी. शिवाय खाद्यात थोडे थोडे मिसळत राहिले की प्राण्याचे वजन लवकर भरते, हा त्याचा खरा धंद्याचा उपयोग. पुढे कार्बापेनेम या अत्यंत प्रभावी प्रतिजैविकांच्या गटातील औषधांनाही न जुमानणारे जिवाणू अतिदक्षता विभागांत वाढले, तेव्हा डॉक्टरांना हे अडगळीतले औषध शेवटचा उपाय म्हणून पुन्हा बाहेर काढावे लागले. तोवर ते कित्येक दशके खाद्याच्या गोणीत होते.

जुलै २०१३ मध्ये शांघायजवळच्या एका वराहपालन केंद्रातील डुकरात ई. कोलायचा एक वाण सापडला. त्याच्यातील कोलिस्टिन-रोध दुसऱ्या जिवाणूत जाऊ शकत होता. या रोधामागच्या जनुकाला एमसीआर-१ असे नाव देऊन चिनी संशोधकांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली. २०११ ते २०१४ या काळात गोळा केलेल्या ई. कोलायच्या वाणांपैकी प्राण्यांतील ८०४ पैकी १६६, कच्च्या मांसातील ५२३ पैकी ७८, तर रुग्णालयात दाखल रुग्णांतील संसर्गांच्या १,३२२ नमुन्यांपैकी १६ मध्ये हे जनुक होते. प्रवाह कोणत्या दिशेने वाहत असावा याचा अंदाज या तीन आकड्यांच्या उतरंडीवरूनच बांधता येतो. नंतर जुने साठे तपासले, तर चीनमधील कोंबड्यांपासून १९८०च्या दशकात मिळालेल्या वाणांतही ते आढळले. डेन्मार्कमध्ये आयात केलेल्या कोंबडीच्या मांसात आणि एका रुग्णाच्या रक्तातही ते निघाले.

जिवाणूच्या बाह्य आवरणावर ऋण विद्युतभार असतो. धनभारित कोलिस्टिन त्याला चिकटते आणि आवरण फोडते. एमसीआर-१ मुळे तयार होणारे विकर (एन्झाइम) आवरणातील मेदावर एक रासायनिक गट बसवते. ऋणभार घटतो आणि औषधाची पकड सुटते. पूर्वी माहीत असलेला रोध मूळ गुणसूत्रातील बदलांमुळे येई, म्हणजे तो त्या जिवाणूच्या वंशातच राही. एमसीआर-१ मात्र प्लाझ्मिड या सुट्या डीएनए-वलयावर असते, आणि प्लाझ्मिड एका जिवाणूकडून शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्याही, जिवाणूकडे जाऊ शकते. वारसा हक्काने मिळणारी वस्तू उसनवारीवर मिळू लागावी, तसा हा फरक आहे.

मांसाचा आतला भाग सहसा निर्जंतुकच असतो. घाण लागते ती सोलताना आणि आतडे काढताना. आपल्याकडच्या चिकनच्या दुकानात पिसे काढण्याचे फिरते यंत्र, एकाच पिंपातले पाणी आणि सुरीच्या घावांनी खाचा पडलेला लाकडी ओंडका यांमुळे एका कोंबडीचे जंतू दुसरीला लागतात. घरी आल्यावर रस्सा उकळला की ते मरतात. धोका उकळण्याआधीचा आहे. नळाखाली चिकन धुताना शिंतोडे ओट्यावर उडतात. ज्या विळीवर चिकनचे तुकडे केले, तिच्यावरच ताटात वाढायचा कांदा आणि लिंबू चिरले, तर जंतू न शिजता पोटात जातात. असे जंतू बहुधा लगेच आजारी पाडत नाहीत. आतड्यात मुक्काम करतात आणि आपले प्लाझ्मिड तिथल्या जिवाणूंना देऊ शकतात.

औषधांचे अवशेष आणि औषध-रोधी जिवाणू या दोन गोष्टींची वृत्तपत्रांत सर्रास गल्लत होते. कत्तलीआधी ठरावीक दिवस औषध बंद ठेवले, तर मांसातला अवशेष मर्यादेखाली येतो. पण औषधाने निवडून वाढवलेले जिवाणू त्यामुळे निघून जात नाहीत. ‘अवशेषमुक्त’ मांस म्हणजे रोधी जिवाणूंपासून मुक्त मांस नव्हे. शाकाहारी मंडळींनीही निश्चिंत राहू नये: कोंबडीखत शेतात जाते, आणि चेन्नईच्या संशोधकांना मांस व मासळीबरोबर भाज्यांवरही कोलिस्टिन-रोधी जिवाणू मिळाले आहेत.

चीनने खाद्यातील वाढवर्धक म्हणून कोलिस्टिनचा वापर २०१७ मध्ये थांबवला. त्यानंतर तिथल्या डुकरांतील ई. कोलायमध्ये कोलिस्टिन-रोधी वाणांचे प्रमाण ३४ टक्क्यांवरून सुमारे ५ टक्क्यांवर उतरले. माणसांतील प्रमाणही घटले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली अधिसूचना काढून खाद्यप्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यशेती आणि पशुखाद्य-पूरके यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. माणसांसाठीच्या औषधाच्या वेष्टनावरही तशी सूचना छापणे बंधनकारक आहे.

बंदी या एका औषधावर आहे. एमसीआर-१ वाहणाऱ्या प्लाझ्मिडवर पुष्कळदा इतर प्रतिजैविकांना रोध करणारी जनुकेही असतात, त्यामुळे पोल्ट्रीत टेट्रासायक्लिनसारखे दुसरे औषध चालू असले तरी कोलिस्टिनचा रोध त्याच्या आडोशाला टिकून राहू शकतो.