इंधनदूषित मातीचे खोदकाम व तपासणी (बेळगाव सीमाभाग)

जुना पेट्रोल पंप, कारखाना किंवा बस आगार यांची जमिनीखालची टाकी काढल्यावर आजूबाजूची पेट्रोल-डिझेल मुरलेली माती उपसून तपासण्याचे काम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ते एका ठरावीक साच्याने करता येत नाही. थोड्या अंतरावर जमीनच बदलते.

निपाणी-चिकोडीकडे काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्ट असतो. ओली काळी माती इंधन बरेच अडवते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या की पेट्रोल थेट मुरमात उतरते. वरचा थर स्वच्छ निघाला म्हणून खोदकाम थांबवणे ही इथली नेहमीची चूक. बेळगाव शहर व खानापूरकडच्या जांभ्यात नळीसारखी भोके असतात. इंधन त्यांतून आडवेही पसरते. मुरलेल्या जागी जांभ्याचा तांबडा रंग करडा-हिरवट होतो, काळ्या मातीत मात्र रंग लपतो. वासावरून ठरवण्याची सवय सोडलेली बरी, कारण पेट्रोलमधले बेंझिन कर्करोगकारक आहे.

गळती बहुधा तीन ठिकाणी सापडते: भरणीच्या नळाभोवती, पाइपच्या सांध्यांवर आणि डिपस्टिक (इंधनाची पातळी मोजायची काठी) वर्षानुवर्षे एकाच जागी आपटून पातळ झालेल्या टाकीच्या तळाला. टाकी उचलण्याआधी उरलेले इंधन उपसून वाफ घालवावी लागते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की ती पेट घेते, आणि हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्याच्या तळाशी साचते. म्हणून नमुन्यासाठी माणूस खाली उतरवत नाहीत. पोकलेनच्या बकेटमधल्या मातीच्या मधल्या भागातून नमुना घेतात.

20 हजार लिटरच्या टाकीसाठी 6 × 4 मीटरचा, 3.5 मीटर खोल खड्डा धरला, तर टाकीची जागा वजा जाता सुमारे 64 घनमीटर माती निघते. ती फुगून 80 घनमीटरच्या आसपास, म्हणजे 28 ब्रास होते. तीन ब्रासच्या टिपरच्या नऊ-दहा खेपा. हा हिशेब उभ्या भिंतींचा आहे. काळ्या मातीत भिंती ढासळतात, उतार द्यावा लागतो आणि खेपा वाढतात. ढीग जाड प्लॅस्टिकवर, कडेने बांध घालून, वरून ताडपत्रीने झाकून ठेवतात.

जागेवरच्या चाचणीसाठी माती झिपच्या पिशवीत अर्धी भरतात, ढेकळे फोडतात, दहा-पंधरा मिनिटे थांबून वरच्या हवेत पीआयडी या वाफ मोजणाऱ्या यंत्राची नळी घालतात. पेट्रोलसाठी हे चांगले चालते. डिझेल कमी उडते, त्यामुळे आकडा लहान दिसतो आणि दूषित माती स्वच्छ ठरू शकते. पावसाळी दमट हवेतही यंत्र कमी दाखवते.

प्रयोगशाळेसाठी टाकीच्या दोन्ही टोकांखालून, चारही भिंतींतून आणि पाइपच्या मार्गावरून नमुने घेतात. काचेची बरणी काठोकाठ भरून लगेच बंद करतात व सुमारे 4 अंश सेल्सियसला थंड ठेवतात. बेंझिन-टोल्युइनसाठी चार जागांची माती एकत्र कालवू नये. कालवतानाच वाफ उडून जाते. एकूण हायड्रोकार्बन, म्हणजे पेट्रोल-डिझेलचे सगळे घटक मिळून, वेगळे मोजतात. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, म्हणून त्याआधीच्या पंपाच्या जागी शिसेही तपासतात.

निकाल येण्याआधी खड्डा बुजवल्यास तोच पुन्हा उकरावा लागतो. पावसात खड्ड्यात साचलेले तवंगी पाणी गटारात सोडायचे नसते. ते पिंपात किंवा टँकरमध्ये घेतात.

माती नेताना 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार फॉर्म 10 ची (वाहतुकीची) कागदपत्रे लागतात. सीमाभागात यात एक अडचण असते: अंतिम विल्हेवाटीसाठी माती महाराष्ट्रात न्यायची तर दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांचे ना-हरकत हवे, मग अंतर अर्ध्या तासाचे का असेना. कमी दूषित माती जागेवरच सुधारता येते. मातीतल्या जिवाणूंनी इंधन खाऊन संपवावे म्हणून ढिगात ओल राखतात, युरिया व सुपर फॉस्फेट घालून कार्बन, नत्र, स्फुरद यांचे प्रमाण 100:10:1 च्या आसपास ठेवतात आणि अधूनमधून माती उलथतात. डिझेलला यात महिने लागतात.

शेजारच्या विहिरी व बोअर वैशाखात आणि पाऊस सरल्यावर, असे दोनदा तपासावेत. पाण्यावर तरंगणारे इंधन पातळीबरोबर खाली उतरते आणि पातळी चढताना मातीत अडकून राहते; एका ऋतूतला स्वच्छ नमुना म्हणूनच पुरेसा नसतो.